विंचवापेक्षा दारू बरी

मामाजी,

नमस्कार. ‘तीर्थरूप’ लिहिणार होते, पण तसं कोणी म्हटलं की तुम्ही मागं वळून पाहायचे, कोणाला म्हणून राह्यली म्हणून. तेव्हा नुसतंच मामाजी.

काल संध्याकाळी आपल्या दारात पुन्हा तुमच्या नावानं हाक आली. तुम्हाला जाऊन दुसरं वर्ष लागलं, साऱ्या आसेगावानं तुमची तेरवी जेवली, तरी विंचू चावला की लोकांचे पाय आपल्याच ओट्याकडे वळतात. अन् काल कोण आलं असेल? सुदामकाका. तुमचे शेजारी, तुमचे जन्माचे दोस्त. पायाच्या अंगठ्याला चावला होता त्यांच्या. त्याचं पुढं काय झालं ते सांगतेच, पण त्याआधी तुमच्याशी एक जुनं भांडण आहे ते मिटवू द्या. त्याशिवाय कालच्या गोष्टीत मजा नाही.

मी लिहायला बसले तशा तुमच्या मंडळी, आमच्या आत्याबाई, डोकावून गेल्या. म्हणाल्या, “मेल्या मानसाले कोनी पत्र लिहिते का वो?” मी म्हटलं, तुमचाही काही निरोप असेल तर सांगा. तर म्हणतात कशा, “चष्मा तं इथंच खुंटीले टांगून गेले, वाचतीन कायनं?” बघा, अजून तुमच्यावरच चिडलेल्या आहेत. बरं वाटतं ऐकून.

तुम्हाला आठवते का मी नवी नवी आले तेव्हाची गोष्ट? रिठदहून लग्न होऊन आले, हातची हळद अजून उतरायची होती. तुम्ही जेवायला बसले अन् दारात कोणीतरी कण्हत आलं. तुम्ही ताटावरून तसेच उठले, हात धुतला, कडुलिंबाचा डहाळा तोडला अन् त्याच्या दंडावरून खाली खाली फिरवत ओठातल्या ओठात काहीतरी म्हणत बसले. भाकरी वाळून गेली. तो माणूस हसत उठून गेला. त्याची बायको चहा पाजायला बोलवत होती, तर तुम्ही हात जोडले. चहासुद्धा घ्यायचा नाही हा तुमचा नेम. कोणाला नाही म्हणायचं नाही हाही नेम. मंत्र कोणाला सांगायचा नाही, फक्त नागपंचमीच्या दिवशी एकाच माणसाला द्यायचा. अन् सगळ्यात मोठं म्हणजे, ज्याच्याजवळ मंत्र आहे त्याला विंचू डसतच नाही.

मी शिलाई मशीनवर ब्लाऊज शिवता शिवता तुम्हाला विचारलं होतं, “मामाजी, खरंच उतरते का हो?”

“उतरते.”

“अन् नाई उतरला तं?”

तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “लय बोलते हे रिठदवाली.”

तेव्हापासून मी तुमची रिठदवाली झाले. माझं नाव वर्षा आहे, हे तुम्ही शेवटपर्यंत बहुतेक विसरूनच गेले होते.

आता भांडणाचं. सहा वर्षांमागं सोयाबीन सोंगून झालं होतं, शेतात गंजी लावून वर ताडपत्री टाकली होती. तुम्ही सकाळी वावरात गेले अन् दुपारी घरी आले ते घामानं निथळत. थंडीचे दिवस अन् सदरा पिळून काढावा इतका ओला. आत्याबाईंनी विचारलं तर म्हणे पित्त झालं. जेवायला बसले अन् डाव्या हातानं भाकर मोडायला लागले. मामाजी, तुम्ही अन् डावा हात? पाहुण्याचं पोरगं डाव्या हातानं जेवलं तरी तुम्ही त्याच्या आजोबाचं नाव काढायचे. मी विचारलं, तर उजव्या हातात बोरीचा काटा गेला म्हणाले अन् हात शालीत घेतला.

दुसऱ्या दिवशी पोट धरून लोळायला लागले. दुखणं बेंबीच्या वरून निघून थेट पाठीत जायचं. पुढं वाकून बसलं की जरा बरं, आडवं झालं की जीव जातो. तुमच्या चिरंजीवांनी गाडी बोलावली अन् आपण वाशिमला दवाखान्यात गेलो. सुदामकाका सांगितलं नसतानाही गाडीत येऊन बसले होते.

रक्त तपासून डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाला सूज आहे.

आपण सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. काळीज ऐकलं होतं, किडनी ऐकली होती. हे स्वादुपिंड साऱ्यांच्याच पोटात असते हे त्या दिवशी कळलं. सुदामकाकांनी तर हळूच विचारलं, “डाक्टरसायेब, हे मानसायले बी असते का?”

डॉक्टर तरुण होते, पण शांत होते. म्हणाले, ही सूज बहुतेक वेळा दोनच कारणांनी येते. पित्ताचे खडे, नाही तर दारू.

खडे म्हटल्याबरोबर आत्याबाईंचा चेहरा उजळला. त्यांची पित्ताची पिशवी काढली होती ना, तेव्हाचे खडे त्यांनी काजळाच्या डबीत ठेवलेले. ती डबी पिशवीतून निघाली. येताना घेऊनच आल्या होत्या. डॉक्टरांच्या टेबलावर उघडून म्हणाल्या, “असेच असतीन पाहा. घरात एकच पानी पितो आमी.” डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी ते खडे पाहिले, छान आहेत म्हणाले अन् तुमची सोनोग्राफी केली. तुमची पित्ताची पिशवी चकाचक निघाली. एक कणही नाही. आत्याबाईंनी डबी बंद केली ती जरा नाराजीनंच.

मग दारू. तुम्ही मान हलवली. आत्याबाई म्हणाल्या, “यायले खोकल्याचं औषध चढते, साहेब.”

मग डॉक्टर एकेक इतर कारणं काढायला लागले. बैलानं पोटात शिंग मारलं का? गालगुंड झाले होते का? फवारणीचं औषध अंगावर सांडलं का? ताकदीची इंजेक्शनं घेता का, गळ्यात गाठ आहे का, कोणती नवीन गोळी सुरू केली का? जंत पडतात का, असं विचारलं तेव्हा सुनेसमोर तुम्ही असे लाजले की मीच खिडकीकडे तोंड केलं. सगळ्याला तुमचं ‘नाई’. डॉक्टरांचा चेहरा विचारात पडलेला. अन् मग त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, “विंचू वगैरे काही चावला?”

खोलीत कोण कोण होतं आठवते ना? पलंगाच्या पायथ्याशी सुदामकाका, दारात गावातले आणखी दोघं. तुमचा उजवा हात पांघरुणात सरकला.

“नाई नाई,” तुम्ही म्हणाले. “इचू नाई. दारू प्यालो.”

डॉक्टर म्हणाले, “बाबा, आत्ताच तर नाही म्हणालात.”

“तवा आठोलं नाई.”

“कोणती घेतली?”

तुम्ही सुदामकाकांकडे पाहिलं. सुदामकाकांनी छताकडे पाहिलं. तुम्हा दोघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. “पांढरी,” तुम्ही म्हणाले. “दुधासारखी.”

दुधासारखी दारू त्या डॉक्टरांनी तरी कधी पाहिली असेल का? कागदावर काहीतरी लिहून ते मान हलवत गेले. पण आत्याबाईंना ते खरंच वाटलं. त्या व्हरांड्यातल्या बाकावर तुमच्या खोलीकडे पाठ करून जाऊन बसल्या. मी त्यांना म्हटलं, “आत्याबाई, दारूनं पोट दुखन, पन उजवा हात कायले लपवतीन?” त्यांनी ऐकलंच नाही. डोळ्याला पदर लावून रडत होत्या. इतक्या वर्षांत त्यांना तसं रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, अन् खरं सांगते, त्या दिवशी मला तुमचा राग आला होता.

गावात बातमी एसटीच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारूच्या अड्ड्यावरचे दोघं बिस्किटचे पुडे घेऊन तुम्हाला भेटायला आले. किती आदरानं बसले होते तुमच्याजवळ. जाताना एकजण म्हणाला, “गोविंदभाऊ, पयल्यांदा जराशी कमीच घ्यावं लागते.” तुम्ही मान डोलावली. आता हसू येते, पण तेव्हा तुम्हाला तोंडातून पाण्याचा घोटही द्यायचा नव्हता, सलाईनवर ठेवलं होतं, नाडी पळत होती अन् डॉक्टर येऊन येऊन तुमच्याकडे पाहत होते. ज्या गोष्टीनं तुम्ही मरू शकले असते ती गोष्ट तुम्ही पांघरुणाखाली धरून बसले होते.

अन् दुपारी सुदामकाका आले. सकाळीच घरी गेले होते, ते ऑटो करून परत आले. कडेवर पिंकी. तेव्हा नात त्यांची दुसरीत होती. अंगणातल्या लाकडात हात घातला अन् चावला. पोरीचे केस घामानं कपाळाला चिकटलेले, उलट्या करून करून मान पडलेली. मंगरूळचा दवाखाना रस्त्यात लागला, तिथं थांबले नाहीत. वाशिमच्या दवाखान्याच्या दारातून आत आले, खाली डॉक्टर बसलेले, त्यांच्याकडे पाहिलंही नाही. सरळ तुमच्या पलंगाशी आले.

“गोविंदा, उतरव.”

मी म्हटलं, काका, हिला आधी खाली न्या. मी पिंकीचा हात धरला तर बर्फासारखा गार.

“तू गप राह्य. आधी मंत्र.”

तुम्ही पिंकीकडे पाहिलं. मी तुमच्याकडेच पाहत होते, म्हणून सांगते. तो घाम, ते गार हात तुम्ही ओळखले. दोन दिवसांपूर्वी तुमचेच होते ते. अन् मग तुम्ही पांघरुणातून उजवा हात काढला. अंगठा सुजून टम्म झालेला, मध्ये काळा ठिपका.

“सुदामा, हे पाह्य. मले बी चावला. ताडपत्रीवरचा गोटा उचलाले गेलो तवा. म्या लय खेपा मंत्र म्हनला. काई उतरला नाई. हे पोट त्याच्यानंच दुखून राह्यलं.”

सुदामकाकांना काही कळेना. “अन् दारू?”

“कायची दारू. पोरीले खाली ने. मंत्रात काई नाई आता. जाय लवकर.”

सुदामकाका खिळल्यासारखे उभेच. मग मीच पिंकीला उचललं अन् जिन्याकडे धावले. मागून तुमचा आवाज आला, “रिठदवाले, डाक्टरले सांग, मले बी चावला म्हना.”

सारा वॉर्ड ऐकत होता, मामाजी. व्हरांड्यातल्या आत्याबाईसुद्धा.

पिंकीला गोळी दिली, सलाईन लावलं, छातीला तारा लावून रात्रभर नजर ठेवली. सकाळी तिनं डोळे उघडले अन् मला विचारलं, “काकू, गोविंदआजोबा खरंच दारू प्याले का?” तेव्हा मला कळलं की पोरगी वाचली.

डॉक्टर तुमच्यावर आधी चिडले. विंचवाचं विष हृदयावर जाते, त्याच्यावर आधी नजर ठेवायला पाहिजे होती, तुमचं नशीब म्हणून निभावलं, असं बरंच बोलले. मग लगेच खूश झाले. विंचवानं स्वादुपिंड सुजणं फार क्वचित, त्यांनी आजवर फक्त पुस्तकात वाचलेलं. हाताखालचे सारे शिकाऊ डॉक्टर तुम्हाला पाहायला घेऊन आले. अन् तुम्ही? जो हात दोन दिवस पांघरुणात होता तो हात तुम्ही नव्या नवरीच्या मेंदीसारखा ज्याला त्याला दाखवत होते.

आत्याबाई मात्र कमरेवर हात ठेवून तुमच्यासमोर उभ्या राहिल्या. “इचू चावला हे सांगाची लाज वाटली, अन् दारू प्यालो म्हनाची नाई वाटली? मी काल एक घास खाल्ला नाई तुमच्यापायी.” तुम्ही खाली मान घालून म्हणाले, “मले तं पानी बी देऊन नाई राह्यले.” त्यावर त्या हसल्या. मग रडल्या, मग पुन्हा हसल्या. मीही हसले अन् शेजारच्या पलंगावरचा पेशंटही पोटाचे टाके धरून हसला.

घरी आल्यावर डॉक्टरांनी पातळ वरण सांगितलं होतं, तर तुम्ही गोवऱ्यांवर भाजलेल्या, तुपात बुडवलेल्या पानग्यांसाठी लहान पोरासारखे रुसून बसले. तेव्हा मी विचारलं होतं, काहून लपवलं म्हणून. तुम्ही वरणाची वाटी बाजूला सरकवली. मग म्हणाले, “मंत्रवाल्याले चावला म्हंजे मंत्र मेला, असं गाव म्हनते. मंत्र मेला हे समजलं तं उद्या ज्याले चावन तो कोनाकडे जाईन?”

मी म्हटलं, दवाखान्यात जाईल.

“जाईन. पन बहुतेकायले दोन-चार घंट्यात आपोआपच उतरते पोरी. मले हे पयलेपासून माईत होतं. मी फक्त तवरोक त्याचा हात धरून बसो. एकट्यानं लय भेव लागते.”

मामाजी, ही गोष्ट तुम्ही तेव्हा सांगितली तशी आधी सांगितली असती तर मी तुमच्याशी इतकी भांडले नसते. हेच माझं जुनं भांडण. आता मिटलं.

पुढं तुम्ही कमालच केली. मला वाटलं मंत्र सोडाल. सोडला नाही. म्हणाले, मी सोडला तर लोक दुसऱ्या गावच्या मंत्रवाल्याकडे जातील, दवाखान्यात नाही. मग दारात कोणी आलं की कडुलिंबाचा डहाळा एकदाच वरून खाली फिरवायचा अन् लगेच, “चाल, बस गाडीवर. बाकीचा मंत्र दवाखान्यात.” पोराला हातातलं काम सोडून मोटारसायकल काढायला लावायचे. अन् दवाखान्यातही त्याचा हात धरून बसायचे.

अन् मग पुढच्या नागपंचमीला मंत्र कोणाला दिला? मुलाला नाही, मला. सुदामकाकांनी ओट्यावर येऊन वाद घातला, बाईमाणसाला मंत्र दिला तर बुडून जाईल म्हणून. तुम्ही म्हणाले, “एकदा बुडून पाह्यला, तं पिंकी वाचली.” काका उठून घरी गेले. पण पटलं नव्हतं त्यांना. तुम्ही गेल्यावर कित्येक वेळा माझ्यासमोरच म्हणायचे, गोविंदासंग मंत्र गेला.

गेले तेही कसे. पोटभर पानगे अन् वांग्याची भाजी खाऊन, पान चघळत आडवे झाले ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी जे जे खाऊ नका म्हटलं होतं ते सगळं खाऊन गेले. रागावू तरी कशी?

तर आता कालचं. पिंकी ओरडत आली. आठवीत आहे आता, माझ्याएवढी उंच झाली. मागून सुदामकाका एका पायावर उड्या मारत, “गोविंदा, गोविंदा” करत. तुम्ही नाहीत हे विसरूनच गेले होते बिचारे. ओट्यापाशी आले, मला पाहिलं, अन् ओट्याची कड धरून उभे राहिले. तुमचे चिरंजीव मोटारसायकल घेऊन बाजाराला गेलेले. मी माझी स्कूटी काढली, म्हटलं, “बसा काका.”

“आधी मंत्र,” ते म्हणाले. अन् मग खाली मान घालून, “तुले देल्ला ना त्यानं?”

मी कडुलिंबाचा डहाळा तोडला अन् वरून खाली फिरवला. पण खरं सांगू का मामाजी? दुसरी ओळ आठवेचना. पहिली म्हटली अन् पुढं सगळं पांढरं, तुमच्या त्या दारूसारखं. तेवढ्यावरच काकांना मागे बसवलं, पिंकीला त्यांच्या मागे. स्कूटीची बॅटरी उतरलेली. मी किक मारायला लागले अन् ओठातल्या ओठात स्कूटीलाच म्हणत होते, “लाग माय लाग, आता लाग, उद्या तुले पोटभर पेट्रोल पाजते.” किक, अन् पुन्हा तेच. किक, अन् पुन्हा तेच.

काकांनी डोळे मिटून घेतले होते. गाडी लागली तसे म्हणाले, “जोरदार मंत्र आहे वो सूनबाई. मांडीवरून घोट्यापाशी आला.”

पिंकी मागे इतकी हसली की पडता पडता वाचली. मी काही बोलले नाही. मंत्र कोणाला सांगायचा नाही, हा नेम आहे.

गाव सुटलं. मग मला जाणवलं की त्यांनी माझ्या खांद्यावरचा पदर मुठीत धरलाय. लहान पोरानं धरावा तसा, घट्ट. मंगरूळच्या दवाखान्यापर्यंत त्यांनी तो सोडला नाही, अन् खाटेवर निजवल्यावर मीही त्यांचा हात सोडला नाही. गोळी दिली, नाडी पाहिली, डॉक्टर म्हणाले काळजी नाही. तरी मी धरूनच बसले. तेव्हा तुमची इतकी आठवण आली मामाजी, इतकी आली, की काकांच्या आधी माझ्याच डोळ्याला पाणी लागलं. काका म्हणाले, “काहून रडून राह्यली? मले उतरला.”

आज सकाळी ते घरी आले. पिंकीच्या आईनं मला चहाला बोलवायला निरोप पाठवला, आलं घालून, सायीचा. वास आपल्या ओट्यापर्यंत येत होता. काल दुपारपासून माझ्या पोटात चहा नव्हता. तुम्ही चहा न घेण्याचा नेम कायले केला हो, एखादं सोपं काहीतरी नाही सुचलं?

नाही घेतला. ओट्यावरूनच हात जोडले, तुमच्यासारखे. काका त्यांच्या दारात उभे होते. त्यांनीही हात जोडले, मला.

तेव्हा तुम्ही निश्चिंत राहा. स्कूटीची बॅटरी उद्याच बदलते. चावी तुमच्या चष्म्याच्याच खुंटीला टांगून ठेवीन, म्हणजे कोणत्याही वेळी हाक आली तरी शोधायला लागणार नाही. कोणाला नाही म्हणणार नाही. कोणाला एकटं बसू देणार नाही. अन् एक दिवस, एखाद्या नागपंचमीला, पिंकीला ओट्यावर बसवून मंत्र देईन. पहिली ओळ तुमची, दुसरी ओळ माझी.

तुमची,
रिठदवाली